मोहित सरांची झोप

कांताबाईंना गोदामातून काढलं तो जानेवारीतला एक मंगळवार होता. दुपारी दोनच्या सुमारास त्या फाटकाबाहेर पडल्या. हातात जेवणाचा डबा होता, उघडलाही नव्हता. तारा गजभिये त्यांच्यामागे धावत गेली.

"मावशी, थांबा ना. काय झालं?"

कांताबाई वळल्या. रडलेल्या नव्हत्या. तारानं त्यांचा असा चेहरा आधी कधी पाहिला नव्हता.

"तूच सांगतलं ना वं त्याले?"

"काय सांगतलं?"

"माह्या पिंकीचं. तुह्याशिवाय कोणाले माहीत होतं?"

तारा काही बोलणार तेवढ्यात कांताबाई चालायला लागल्या. रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग उभी होती. त्या रांगेला धरून त्या आठवा मैल वस्तीच्या दिशेनं गेल्या. तिथे त्यांची भाड्याची खोली होती. चार दिवसांनी तारा खोलीवर गेली तेव्हा कुलूप दिसलं. शेजारची म्हणाली, "भावाकडे गेली उमरेडले. सामानही नेलं."

वाडीचं ते गोदाम पुण्याच्या एका कंपनीचं. लोकांनी घरबसल्या मागवलेल्या वस्तू तिथे येत, खोक्यांत भरल्या जात आणि गाड्यांवर चढत. पॅकिंगच्या लायनीवर बावीस बायका होत्या, आणि तारा त्यांची सुपरवायझर. वय तेहतीस. आठ वर्षांपूर्वी ती स्वतः याच लायनीवर खोक्यांना टेप लावायची. कांताबाई तेव्हापासूनच्या. टेप सरळ कशी ओढायची हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

मागच्या जुलैत कंपनीनं 'प्रसन्न' नावाचं अॅप आणलं. पावलं मोजायची, पाणी किती प्यायलं ते टाकायचं, झोप मोजायची. रोज सकाळी अॅप विचारायचं, आज कसं वाटतंय? खाली एक बटण होतं, 'मन मोकळं करा'. तिथे काहीही लिहायचं, किंवा लिहिता येत नसेल तर बोलायचं.

मोहित उमाठे हे तिथले एचआर मॅनेजर. त्यांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना जमवून समजावून सांगितलं होतं. "हे तुमचं आणि तुमच्या मनाचं आहे. मलाही दिसत नाही. मनातलं बाहेर काढलं की माणूस मोकळा होतो." त्यांनी मनगटावरचा पट्टा दाखवला आणि म्हणाले, "माझी झोप मी सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो. रोज साडेसात तास. माझ्याशी स्पर्धा करा."

पहिल्या महिन्यात पावलांच्या यादीत कांताबाई सगळ्यांत वर आल्या. फोन कमरेला खोचून दिवसाला सतरा हजार पावलं. मोहित सरांनी त्यांच्यासोबत फोटो काढला, तो भिंतीवर लागला. कांताबाई लाजून चार दिवस त्या भिंतीकडे गेल्याच नाहीत.

'मन मोकळं करा' हे बटण तारानंच त्यांना दाखवलं होतं. कांताबाईंची मुलगी पिंकी दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली, एकोणीस वर्षांची. तेव्हापासून त्या कोणाशी त्याबद्दल बोलल्या नव्हत्या. एका जेवणाच्या सुट्टीत तारानं त्यांना खोक्यांच्या थप्पीमागे बसवलं, बटण दाबून दिलं आणि म्हणाली, "बोला मावशी. कोणी ऐकत नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. मी पण जातो."

जाताजाता तिच्या कानावर एवढंच आलं होतं, "पिंकी मले आवाज देते." पुढचं तिनं ऐकलं नव्हतं. त्यानंतर कांताबाई रोज डबा खाऊन पाच मिनिटं थप्पीमागे जायच्या. परत यायच्या तेव्हा चेहरा हलका असायचा. एकदा म्हणाल्या होत्या, "बरं वाटते गा बोललं तं." बाईला गा म्हटलं म्हणून दोघी हसल्या होत्या.

कांताबाई गेल्यानंतर आठवड्याभरात सगळ्या गोदामाला कळलं की त्यांना का काढलं. मोहित सर हमालांसमोरच बोलले होते, "बाईला मेलेल्या पोरीचे आवाज येतात. उद्या मशीनच्या पट्ट्यात हात गेला तर कोण निस्तरणार?" त्यांचा असिस्टंट रोशन कॅन्टीनमध्ये नक्कल करायचा. बारीक आवाज काढून म्हणायचा, "माय, पाणी दे. माय, पाणी दे."

लोक हसायचे. तारानं पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तिच्या हातात पोह्यांची प्लेट होती. ती तशीच ठेवून ती उठली आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली.

पाण्याचं तिला माहीत नव्हतं. कांताबाईंनी ते तिला कधी सांगितलंच नव्हतं. पिंकी शेवटी पाणी मागायची, हे त्या फक्त फोनमध्ये बोलल्या असतील, थप्पीमागे बसून. मग ते रोशनच्या तोंडी कुठून आलं?

तिनं दोन दिवस विचार केला. मग एका सकाळी अॅप उघडून 'मन मोकळं करा'मध्ये लिहिलं, "बुटीबोरीच्या कंपनीत मुलाखत देऊन आले. कोणाला सांगितलं नाही. जावं की नाही, कळत नाही." यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोहित सर जिन्यात भेटले. हसून म्हणाले, "काय तारा, बुटीबोरीचा रस्ता कसा आहे सध्या?"

"चांगला आहे सर," तारा म्हणाली.

ती जागेवर येऊन बसली. डोकं स्वच्छ होतं. बावीस बायकांचं, हमालांचं, ऑफिसातल्या पोरींचं, सगळ्यांचं मन हा माणूस सकाळी चहासोबत वाचत होता.

तक्रार करायची हे पहिल्यांदा मनात आलं. पण तक्रारीची पेटी मोहित सरांच्याच टेबलावर उघडायची. पुण्याला काजल मॅडम होत्या, सगळ्या गोदामांच्या मुख्य. तीन महिन्यांतून एकदा यायच्या, आता मार्चअखेरीस येणार होत्या. त्यांना सांगितलं असतं तर मोहित सर हसून म्हणाले असते, पुरावा काय? बाई बडबडते.

दुसरा विचार मनात आला तो तिला जास्त आवडला. तो माणूस रोज आपलं मन वाचतो ना, मग वाचू दे. काय वाचायचं ते आपण ठरवू.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी तिनं लिहिलं, "काल काजल मॅडमचा फोन आला. रविवारी. मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, कोणाला सांगू नको. मोहित सर कसे वागतात, एवढंच विचारलं. मी काही बोलले नाही."

मॅडमचा फोन कधीच आला नव्हता. मॅडमकडे तिचा नंबरही नव्हता.

त्या दिवशी काही झालं नाही. मंगळवारी मोहित सर लायनीवर आले. सहसा यायचे नाहीत. तिच्यामागे बराच वेळ उभे राहिले आणि विचारलं, "सगळं ठीक ना तारा? काही अडचण?"

"नाही सर."

बुधवारी सकाळी तिनं अॅपमधली झोपेची यादी उघडली. मोहित उमाठे, सहा तास दहा मिनिटं. महिनोन् महिने साडेसातच्या खाली न आलेला आकडा. तारा तो आकडा बराच वेळ बघत राहिली. मग तिनं चहा घेतला आणि त्या दिवसाचं लिहायला बसली.

ती घाई करत नव्हती. आठवड्यातून दोनदा, तीनदा. "मॅडमनी विचारलं, सर पितात का. मी म्हटलं मला माहीत नाही." दोन दिवस मध्ये सोडायचे. "मॅडम म्हणाल्या, तिथलाच एक माणूस आम्हाला सगळं कळवतो. नाव नाही सांगितलं." ते लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून मोहित सरांनी रोशनशी बोलणं तोडलं. केबिनचं दार लावून घ्यायला लागले. रोशन कॅन्टीनमध्ये एकटा बसायला लागला. नकला बंद झाल्या.

झोप पाच तासांवर आली. मग चार चाळीस.

मोहित सरांनी यादीतून आपलं नाव काढायला हवं होतं. पण स्वतःच सगळ्यांना सांगून बसले होते, नाव काढलं तर लोक विचारतील. ते राहिलं. तारा रोज सकाळी लकडगंजच्या घरातून बसनं निघायची आणि बसमध्येच यादी उघडायची. तीन पन्नास. चार पाच. तीन वीस. आई विचारायची, "आजकाल खूश दिसून राहिली वं?" तारा म्हणायची, "काम चांगलं चाललं आहे."

खरं तर तिला फार छान झोप लागत होती. आई गावाला गेली तरी, शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी. एका रविवारी अॅपनं तिला हिरवी पदकं दाखवली आणि कळवलं की तारा, तुमची झोप या महिन्यात सुधारली आहे, असंच चालू ठेवा.

मार्चच्या मध्यावर ऊन तापायला लागलं. एका दुपारी ती पार्किंगमधून जात होती. मोहित सर आपल्या गाडीत बसले होते, काचा वर, कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं. ती थांबली. माणूस बरा आहे ना, काच वाजवावी का, असं तिच्या मनात आलं. सदरा पाठीला चिकटला होता. मान बारीक झाली होती. आपण काय करतोय, हेही तिला त्या क्षणी दिसलं. यानं जे कांताबाईंचं केलं तेच ती याचं करत होती, फक्त वेगळ्या वाटेनं.

मग तिला कांताबाईंच्या हातातला न उघडलेला डबा आठवला. तिनं काच वाजवली नाही. वर जाऊन लिहिलं, "मॅडम म्हणाल्या, निर्णय झाला आहे. येतील तेव्हा सांगतील."

काजल मॅडम मार्चच्या शेवटच्या गुरुवारी आल्या. सकाळी अकराला मीटिंग होती. लांब टेबल, दोन कूलर, दहा माणसं. मॅडम पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. आधी गाड्यांचं झालं, मग उन्हाळ्यातल्या पाळ्यांचं. मोहित सर समोर बसले होते. दाढी करताना गालावर कापलं होतं, कॉलरला रक्ताचा ठिपका लागला होता. आदल्या रात्रीची त्यांची झोप होती एक तास पंचावन्न मिनिटं. तारानं बसमध्ये पाहिलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "आता एचआरबद्दल थोडं बोलायचं आहे."

त्यांना सुट्ट्यांच्या नव्या नियमांबद्दल बोलायचं होतं, हे नंतर कळलं. मोहित सरांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"मॅडम, एवढं आडून कशाला? सरळ सांगा ना. माझ्या जागी रोशनला आणायचं ठरलं आहे, मला माहीत आहे."

रोशननं मान वर केली. त्याला काहीच कळत नव्हतं.

"मोहित, मी असं काहीही ठरवलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"दर रविवारी तुम्ही ताराला फोन करता. मी पितो का, विचारता. माझ्या पाठीमागे माझ्या हाताखालच्या बाईला विचारता. हे बरोबर आहे का?"

मॅडमनी ताराकडे पाहिलं.

"मी तुम्हाला कधी फोन केला आहे का?"

"नाही मॅडम. कधीच नाही. तुमच्याजवळ माझा नंबर पण नाही."

"मग हे काय बोलताहेत?"

तारानं फोन टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे सरकवला.

"हे सगळं मी खोटं लिहिलं, मॅडम. प्रसन्न अॅपमध्ये, मन मोकळं करामध्ये. तारखा आहेत. जगात दुसऱ्या कोणाला हे सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. सर म्हणाले होते, मलाही दिसत नाही. मग सरांना कसं समजलं?"

मोहित सर तिच्याकडे बघत राहिले. आधी राग होता चेहऱ्यावर, मग तो उतरला. पावणेदोन महिने आपण काय वाचत होतो, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. तारानं नजर काढून घेतली नाही. ती या एका मिनिटासाठीच थांबली होती.

मॅडमनी एकेक नोंद वाचली. वाचून झाल्यावर विचारलं, "खोटं का लिहिलंत?"

"कांताबाईंसाठी," तारा म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं.

पुढचं भरभर झालं. पुण्याहून पाच जणांची समिती आली. मोहित सरांच्या कॉम्प्युटरवर बावीस बायकांच्या नोंदींच्या फायली सापडल्या, महिन्यावार लावून ठेवलेल्या. कोण आजारी पडण्यासारखं आहे, कोण नोकरी सोडणार, कोणाचा नवरा मारतो, सगळ्यांवर पिवळ्या खुणा. पंधरा दिवसांत त्यांना काढलं. रोशनची बदली झाली. अॅप बंद झालं.

मोहित सर शेवटच्या दिवशी खोकं घेऊन फाटकापाशी आले तेव्हा तारा गाडीचा कागद तपासत होती. ते तिच्यासमोर थांबले.

"तू मला पावणेदोन महिने झोपू दिलं नाहीस. डॉक्टरकडे जातोय मी. गोळीनंही झोप येत नाही."

"मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही सर. तुम्ही वाचलं."

"माझी चूक झाली, मान्य आहे. पण तू जे केलंस ते माणुसकीचं आहे का? मी कोणाशी बोलू आता?"

"अॅपमध्ये बोला," तारा म्हणाली. "कोणी ऐकत नाही."

ते गेले. ती कागद तपासत राहिली. त्या दिवशी तिला जेवण फार गोड लागलं. संध्याकाळी घरी जाताना तिनं आईसाठी संत्र्याची बर्फी घेतली.

रविवारी ती बसनं उमरेडला गेली. कांताबाईंच्या भावाचं घर विणकरांच्या आळीत होतं. कांताबाई पडवीत चरख्याशी बसून मागासाठी सूत भरत होत्या. ताराला पाहून उठल्या नाहीत, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. भावाच्या सुनेनं पाणी आणलं.

तारानं सगळं सांगितलं. पहिल्या खोट्या वाक्यापासून फाटकापर्यंत. कांताबाई चरखा फिरवत ऐकत होत्या.

"झोपलाच नाही म्हणते?"

"तीन तास, दोन तास. रोज बघत होतो मी."

"किती दिवस?"

"पावणेदोन महिने."

"बरं झालं," कांताबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "बरं झालं." त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं, हसण्याच्या जवळचं. ताराला वाटलं, यासाठीच आलो आपण.

"मंग तुले मावशीवर राग नाही आला? मी तुह्यावर आळ घेतला."

"आळ काय मावशी. बटण तं मीच दाबून दिलं होतं."

कांताबाईंनी मान हलवली. मग विचारलं, "अन् माहं बोललेलं? ते कुठं आहे आता?"

तारानं याचा विचारच केला नव्हता. "कंपनीजवळ आहे. समितीनं पुरावा म्हणून ऐकलं ते. तेच ऐकून मोहितले काढलं, मावशी."

"कोणी ऐकलं?"

"पाच लोकं होते."

चरखा थांबला. "सगळं? पाण्याचं पण?"

"हो. लिहून पण काढलं त्यायनं."

"मंग अजून पाच लोकायनं ऐकलं." कांताबाई सुताकडे बघत होत्या. "मले एकदा विचारलं काहून नाही वं?"

ताराजवळ उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मोहित सरांच्या झोपेशिवाय तिला त्या दोन महिन्यांत दुसरं काही दिसलंच नव्हतं. समितीसमोर कांताबाईंचा आवाज लावला तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती, आणि आता त्याची नोकरी गेलीच, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

"कामावर परत घेतो म्हणून राहिले तुम्हाले," ती म्हणाली.

"मले नाही यायचं."

"मावशी..."

"पोरगी मरून राहिली होती, तवा पाणी मागे. डॉक्टरनं नाही म्हटलं होतं, तं मी नाही दिलं. ते मी त्या फोनच्या डब्याले सांगतलं, कारण तू म्हणाली कोणी ऐकत नाही. आता पुण्याचे लोक ते वाचून राहिले." त्यांचा आवाज वर गेला नव्हता. "पुसायले लाव त्यायले. मंग ये."

सोमवारी तारानं काजल मॅडमना पत्र लिहिलं. उत्तर आलं की चौकशीचं साहित्य ठेवावं लागतं. तिनं दुसरं पत्र लिहिलं, मग तिसरं, त्यावर लायनीवरच्या एकवीस बायकांच्या सह्या घेतल्या. पाऊण महिना ती रोज पुण्याला फोन करत होती. कधी मॅडम मीटिंगमध्ये असायच्या, कधी वकील बघताहेत म्हणून सांगायचे. या कामात तिला मजा येत नव्हती. कोणाची झोप उडत नव्हती, कोणाचा आकडा खाली येत नव्हता. घरी येऊन ती थकून पडायची आणि बराच वेळ छताकडे बघत राहायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कागद आला. श्रीमती कांताबाई वाघाडे यांच्या आवाजाच्या सर्व नोंदी, त्यांच्या प्रती आणि त्यावरून लिहून काढलेला मजकूर नष्ट केला आहे, असं त्यात होतं. खाली दोन सह्या आणि शिक्का.

तारानं दुपारच्या सुट्टीत कांताबाईंच्या भावाला फोन लावला. भावानं कांताबाईंना बोलावलं. तारानं सावकाश कागद वाचून दाखवला.

"ऐकलं का मावशी?"

"अजून एक बार वाच."

तारानं परत वाचला, तारखेपासून सह्यांच्या नावांपर्यंत.

"तो कागद पोस्टानं पाठव," कांताबाई म्हणाल्या. "तू येऊ नको आत्ता. येजो मंग, दिवाळीच्या आसपास."

"येतो," तारा म्हणाली. फोन कट झाल्यावर ती कागद घडी करून लिफाफ्यात घालायला बसली, आणि पत्ता लिहिताना तिच्या लक्षात आलं की उमरेडच्या त्या घराचा नंबर तिला माहीतच नाही. तिनं पुन्हा फोन लावला.